द्राक्षाला मान, माडाला दंड

वाइन ही दारू नव्हे, ते शेतकऱ्याचे उत्पादन आहे, असे २०२२ च्या जानेवारीत सत्ताधारी बाजूच्या नेत्यांनी महाराष्ट्राला पुन्हा पुन्हा सांगितले. २७ जानेवारीला मंत्रिमंडळाने एक हजार चौरस फुटांपेक्षा मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला मान्यता दिली होती. गदारोळ झाला. महाराष्ट्राचे मद्यराष्ट्र करायला निघालात, अशी विरोधी पक्षाने टीका केली, अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला, आणि तो निर्णय शेवटी बासनात गेला. त्या वादात वाइनच्या बाजूने बोलणाऱ्यांनी आणि तिच्या विरोधात बोलणाऱ्यांनी एक गोष्ट मुकाट मान्य केली होती. शेतातून येणारे सौम्य मद्य म्हणजे द्राक्षाचेच, हे दोघेही धरून चालले होते. कोकणातल्या माडीचे, म्हणजे माडाच्या रसापासून होणाऱ्या सौम्य मद्याचे, नाव त्या चर्चेत कुठे ऐकू आले नाही.

माझे म्हणणे सरळ आहे. नाशिकच्या द्राक्षाला सरकारने जो न्याय दिला, तोच दापोलीच्या किनाऱ्यावरच्या आंजर्ल्याच्या माडाला मिळाला पाहिजे. माडी ही वाडीतली उपज आहे आणि तिचे मोजमाप वाडीतली उपज म्हणूनच झाले पाहिजे. आज ती कायद्याच्या लेखी आधी संशयित आहे, मग उरलेच तर शेतमाल.

आंजर्ल्यात हा विषय काढला की ठरलेली उत्तरे येतात. देवाचे गाव आहे, कड्यावरच्या गणपतीला लांबून माणसे येतात, इथे माडीची भाषा नको. माडीत भेसळ असते. माडी काढली की नारळ जातो. बायकांच्या संसाराचे वाटोळे होईल. आणि शेवटी, आवाज जरा खाली आणून, वाइनची गोष्ट वेगळी आहे म्हणतात. तिला परंपरा आहे, दर्जा आहे, प्रकार आहेत, माडी ती माडीच. मी या शेवटच्या आक्षेपापासून सुरुवात करतो, कारण बाकीचे आक्षेप त्याच्याच टेकूवर उभे आहेत.

परंपरेचेच बोलायचे तर रोमच्या शेजारचे उदाहरण घेऊ. रोमपासून साधारण वीस किलोमीटरवर, एका विझलेल्या ज्वालामुखीच्या उतारावर फ्रास्काती नावाचे गाव आहे. तिथली पांढरी वाइन शतकानुशतके रोमच्या खानावळींत पिंपातून काढून प्यायली गेली. मजूर, गाडीवान, कारकून, पाद्री, सगळ्यांचे ते रोजच्या जेवणाबरोबरचे पेय. तिची ख्याती काय होती? तर ती प्रवास सहन करत नाही. गावातून बाहेर नेली की चव उतरते, रंग काळवंडतो, म्हणून ती तिथेच जाऊन प्यावी, असे लोक म्हणत. आपल्याकडे माडीबद्दल जे दोष म्हणून सांगतात, ते सगळे फ्रास्कातीत होते. स्वस्त होती, गरिबाची होती, टिकत नव्हती, आणि एका पिंपासारखे दुसरे पिंप नसे.

इटलीने तिला नाक मुरडले नाही. १९६३ मध्ये त्या देशाने वाइनच्या उगमस्थानाला संरक्षण देणारा कायदा केला आणि १९६६ मध्ये पहिल्याच खेपेला ज्या वाइनना तो दर्जा मिळाला त्यांत फ्रास्काती होती. तेव्हापासून तिची हद्द ठरलेली आहे. फ्रास्काती, ग्रोत्ताफेर्राता, मोंते पोर्त्सिओ कातोने ही गावे आणि रोम व मोंतेकॉम्पात्री यांचा काही भाग. द्राक्षेही ठरलेली आहेत. काँदिया जातीची पांढरी माल्वाझिया आणि लात्सिओची ठिपकेदार माल्वाझिया मिळून निदान सत्तर टक्के, उरलेल्यात बेल्लोने, ग्रेको, त्रेब्बियानो अशा जाती. साधी फ्रास्काती वेगळी, जास्त जोमाची ‘सुपेरिओरे’ वेगळी, आणि वेलीवर उशिरापर्यंत ठेवलेल्या द्राक्षांची गोड ‘कान्नेल्लिनो’ वेगळी. या शेवटच्या दोघींना २०११ मध्ये इटलीतला सर्वांत वरचा दर्जा मिळाला. म्हणजे आज आपण ज्याला परंपरा, प्रकार आणि दर्जा म्हणतो, ते त्या पेयात आभाळातून पडलेले नव्हते. खानावळीतली जुनी वाइन घेऊन तिची हद्द आखली, जाती लिहून काढल्या, प्रकारांना नावे दिली, तपासणी बसवली, आणि मग जगाने तिला मान दिला. हे काम सरकारने आणि गावांनी मिळून केले.

आता माडीकडे बघा. माडाची पोय, म्हणजे फुलोरा, उमलायच्या आधी, तिचे कवच मिटलेले असतानाच ती करकचून बांधतात. रोज हलक्या हाताने ठोकत राहतात, म्हणजे आतला रस मोकळा होतो. काही दिवसांनी टोक कापून खाली मडके अडकवतात. मग दिवसातून दोनदा, कुठे तीनदा, पिढीजात माडी काढणाऱ्या समाजातला भंडारी माडावर चढतो, मडके रिकामे करतो आणि कोयत्याने टोकाची अगदी पातळ चकती काढतो. हा छेव. तो जाड गेला तर पोय लवकर संपते, आणि घ्यायचा राहिला तर तोंड सुकून रस थांबतो. कवच किती ठोकायचे, कुठे ठोकायचे, आज पोय किती वाकवायची, हे हाताला कळावे लागते. पावसात शेवाळलेल्या बुंध्यावर चढून एका हाताने हे करणारा माणूस माझ्या लेखी वाइनरीत नळ फिरवणाऱ्या तंत्रज्ञापेक्षा कमी कसबी नाही.

ताज्या रसात साखर साधारण बारा ते पंधरा टक्के असते. मडक्याला आतून चुना लावला तर आंबणे रोखले जाते आणि ती नीरा होते. चुना नसेल तर मडक्यातले आणि हवेतले किण्व लगेच कामाला लागतात. पहाटेची माडी गोड आणि जेमतेम फसफसलेली, दुपारची चढलेली, संध्याकाळची कडक आणि आंबूस, आणि दुसऱ्या दिवसानंतर ती सिरक्याच्या वाटेला लागते. मद्यार्क साधारण चार ते सहा टक्के, म्हणजे बिअरच्या जवळपास आणि वाइनच्या निम्म्याने. माडाची वेगळी, ताडाची वेगळी, भेरली माडाची वेगळी, शिंदीची वेगळी. माडाच्या माडीतही बाणवली जातीच्या माडाची कशी, खारट जमिनीतल्या माडाची कशी, हे पिणारे सांगतात. प्रकार नाहीत असे ज्यांना वाटते त्यांनी ते कधी विचारलेले नाहीत. लिहून ठेवलेले नाहीत, एवढेच खरे आहे, आणि लिहून ठेवणे हे सरकारचे आणि विद्यापीठाचे काम होते.

नाशिकच्या वाइनची परंपरा किती जुनी? २००० साली सुला वाइनरीच्या पहिल्या बाटल्या बाजारात आल्या. त्याआधी नारायणगावच्या इंडेजने ऐंशीच्या दशकात फसफसती वाइन काढली होती. द्राक्षे सोव्हिन्यों ब्लाँ आणि शनँ ब्लाँ, दोन्ही फ्रान्सची. २००१ मध्ये महाराष्ट्राने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले, उत्पादन शुल्क माफ केले, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क उभे केले. पुढे वाइनवरच्या वीस टक्के व्हॅटपैकी सोळा टक्के परत देण्याची योजना आली. ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकनही मिळाले. यातले काहीही मला खटकत नाही. दिंडोरीच्या शेतकऱ्याला चांगला भाव मिळाला, तिथे हजारो माणसे वाइनरी बघायला जातात, हे चांगलेच झाले. पण पंचवीस वर्षांत, परदेशी वेलीवर, सरकारी मदतीने परंपरा उभी करता येते, हे त्याच उदाहरणाने सिद्ध केले आहे. मग जिथे झाड इथले, कसब इथले आणि पिणाराही इथला, तिथे परंपरा नाही हे कारण पुढे करता येत नाही.

माडी मागे कशी पडली, हे इतिहासात नोंदलेले आहे. रत्नागिरी जिल्ह्याचे गॅझेटियर १८८० मध्ये निघाले तेव्हा भंडारी समाजाचा माडी काढण्याचा धंदा त्यात प्रामुख्याने आला. त्याच सुमाराला, १८७८ मध्ये, मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा झाला होता. गावोगावच्या लहान भट्ट्या बंद करून दारू मोठ्या, सरकारच्या नजरेखालच्या भट्ट्यांत गाळायची आणि ठेकेदारामार्फत विकायची, असे धोरण होते. माडी या चौकटीत बसेना. ती झाडावर तयार होते, दिवसात संपते, तिचा साठा करता येत नाही, तिच्यावर पहारा ठेवायचा तर माडामाडाखाली शिपाई उभा करावा लागेल. म्हणून झाडावर कर बसला आणि तो वाढत गेला. स्वस्त माडी उरली तर उरणच्या मोठ्या भट्ट्यांतल्या मोहाच्या दारूला गिऱ्हाईक कुठून मिळणार, हा हिशेब त्यामागे होता. ठाणे-कुलाब्याच्या पट्ट्यात भंडाऱ्यांनी विरोध केला, पण कर राहिला. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा दारूबंदी कायदा आला. माडी देणारे झाड छेवणे हा परवान्याशिवाय गुन्हा, आणि मालकाने ते छेवू देणे हाही गुन्हा. पुढे बंदी सैल झाली तेव्हा फायदा कोणाला झाला? साखर कारखान्यांच्या मळीपासून गाळलेल्या दारूला. आज कोकणातल्या परवानाधारक देशी दारूच्या दुकानात जी बाटली मिळते तिच्यातला मद्यार्क घाटावरून येतो. विदेशी म्हणून विकली जाणारी व्हिस्की-रम ४२.८ टक्क्यांची. गावातला पिणारा सहा टक्क्यांवरून त्या बाटल्यांवर गेला आणि त्याचा पैसा वाडीतून उठून घाटावर गेला. दीडशे वर्षे सरकारे बदलली, पण मोजायला सोपी ती दारू चालू आणि मोजायला अवघड ती बंद, हे धोरण तसेच राहिले.

आता भेसळीचा आक्षेप. तो खरा आहे आणि मी तो झटकणार नाही. शहरांतल्या माडी-ताडीच्या दुकानांत क्लोरल हायड्रेट मिसळल्याची प्रकरणे वर्षानुवर्षे पकडली जात आहेत. पाण्यात क्लोरल, साखर आणि पांढरा रंग घालून केलेल्या त्या द्रवाला माडी म्हणणे हाच अन्याय आहे, कारण त्यात माडाचा थेंब नसतो. ही भेसळ होते कशी? दुकान एकीकडे आणि झाड दुसरीकडे असते म्हणून. ज्या शहरात छेवायला शंभर माडही नाहीत तिथे रोज पिंपे रिकामी होत असतील, तर ती कशाने भरली हे शोधायला प्रयोगशाळासुद्धा लागत नाही. परवाना दुकानाला दिला आणि झाड विसरले, ही चूक कायद्याची आहे, माडाची नाही.

इटलीत १९८६ च्या वसंतात मिथेनॉल मिसळलेल्या वाइनने वीसहून जास्त माणसे मेली. पिएमाँतेच्या काही व्यापाऱ्यांनी स्वस्त वाइनचा जोर वाढवायला ते मिसळले होते. जगभर इटालियन वाइनची निर्यात कोसळली. त्या देशाने वाइन बंद केली नाही. गुन्हेगारांना तुरुंगात घातले, तपासणी कडक केली, आणि बाटलीतला माल कोणत्या गावाचा, कोणत्या वेलीचा हे सांगण्याची सक्ती वाढवली. इटालियन वाइनचा दर्जा त्यानंतर सुधारला, असे त्या क्षेत्रातले लोक मानतात. आपल्याकडे २०१५ च्या जूनमध्ये मुंबईतल्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मेली, तीही मिथेनॉलनेच. ती माडी नव्हती. पण दारूकांड झाले की धाड पडते ती वाडीत मडके लावणाऱ्यावर, कारण तो सापडायला सोपा.

नारळ जातो हा आक्षेप वाडीवाल्यांचा आहे, म्हणून मी तो सर्वांत गंभीरपणे घेतो. मी स्वतः वाडीवाला आहे. छेवलेल्या पोयीला नारळ धरत नाही, हे खरे. पण माड महिन्याला साधारण एक पोय टाकतो. वर्षाच्या बारांपैकी सहा पोयी छेवल्या तर सहा नारळाला राहतात. फिलिपाइन्समध्ये एकाच पोयीच्या पुढच्या भागातून रस काढून मागच्या भागावर नारळ धरण्याची पद्धतही वापरतात. चांगली निगा राखलेला बाणवली माड वर्षाला ८० ते १०० नारळ देतो, आणि छेवलेला माड दिवसाला सरासरी दीड लिटर रस देतो. सहा महिन्यांचे अडीचशे लिटरच्या पुढे जातात. असोल्या नारळाला वाडीवर व्यापारी काय भाव देतो तो प्रत्येक वाडीवाल्याला पाठ आहे. त्यातून पाडणाऱ्याची मजुरी वजा करावी, रसाला कितीही कमी भाव धरावा, आणि स्वतःच हिशेब करून पाहावा.

हा हिशेब आंजर्ल्याला आजच का करायला हवा, हे ३ जून २०२० ने सांगितले आहे. त्या दिवशी निसर्ग चक्रीवादळ आले आणि दापोली-मंडणगडच्या किनाऱ्यावरच्या वाड्या आडव्या झाल्या. आंजर्ले, केळशी, हर्णै, सगळीकडे तीच कथा. आजोबांनी लावलेले माड मुळासकट उपटून घरांवर पडले, पोफळी तर काडीसारख्या मोडल्या. भरपाई नारळाच्या झाडामागे अडीचशे रुपये आणि पोफळीमागे पन्नास रुपये ठरली. ज्या झाडाने साठ वर्षे उत्पन्न दिले असते त्याची ही किंमत. नवीन बाणवली माड लावला तर तो पोय टाकायलाच सहा-सात वर्षे घेतो. इतक्या वर्षांत वाडीची साफसफाई, शिंपणे, खत, सगळे खिशातून. अशा वेळी उभ्या राहिलेल्या माडांतून जास्तीत जास्त उत्पन्न मिळवण्याचा हक्क शेतकऱ्याला हवा की नको? द्राक्षबागायतदाराला तो आहे. खायची द्राक्षे पडतील त्या भावाने विकावी लागू नयेत, म्हणूनच वाइनचे धोरण आले होते.

देवाच्या गावात हे नको, असे म्हणणाऱ्यांना माझे उत्तर थोडे कडक आहे. आंजर्ल्यात हंगामात शनिवार-रविवारी शहरांतून गाड्या येतात आणि त्यांच्या डिकीत काय असते ते गावाला माहीत आहे. होमस्टेच्या अंगणात, सुरूच्या बनात, किनाऱ्यावर कासवांची अंडी जपली जातात त्या जागेपासून हाकेच्या अंतरावर, रिकाम्या बाटल्या सापडतात. त्या काचा उचलतो गावातलाच कोणी तरी. म्हणजे मद्य गावात आहेच. गावाच्या मद्याला तेवढी बंदी आहे. आणि देवाचे नाव यात आणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे की रत्नागिरीत १९३१ मध्ये सर्व हिंदूंना खुले असलेले पतितपावन मंदिर उभे राहिले ते भागोजीशेठ कीर यांच्या पैशाने, आणि भागोजीशेठ भंडारी समाजातले. ज्या समाजाने किनाऱ्यावरची आरमारे लढवली, मुंबई बांधली, देवळे उभारली, त्याच्या पिढीजात कसबाला हलके ठरवताना आपण नेमके काय हलके ठरवत आहोत, याचा विचार करावा. काचेच्या पेल्यातली वाइन संस्कृती आणि करवंटीतली माडी व्यसन, हा भेद मद्यार्काच्या टक्केवारीने टिकत नाही. तो जातीने आणि खिशाने टिकलेला आहे. हे उघड बोलले पाहिजे.

बायकांचा आक्षेप मात्र मी आक्षेप मानत नाही, ती अट मानतो. दारूने उद्ध्वस्त झालेली घरे कोकणात आहेत आणि ती भोगली बायकांनी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितले की मद्याचे कोणतेही प्रमाण पूर्ण सुरक्षित नाही. माडी औषधी आहे, अशक्त माणसाला द्यावी, असले दावे मी करत नाही आणि कोणी करू नयेत. पण महाराष्ट्रात वर्धा १९७४ पासून आणि गडचिरोली १९९३ पासून कोरडे जिल्हे आहेत. चंद्रपूरची बंदी २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठवावी लागली. बंदीचे यश-अपयश काहीही माना, कोकणात आज बंदी नाही. देशी दारूचे दुकान आहे, बिअर शॉपी आहे. या परिस्थितीत सौम्य, ताजे आणि एका दिवसात संपणारे पेय तेवढे अडवून बायकांचे रक्षण होते, हे मला पटत नाही. केरळने १९९६ मध्ये अरक ही गाळलेली दारू पूर्ण बंद केली आणि माडी चालू ठेवली, ती याच विचाराने. तिथे माडी काढणाऱ्यांसाठी १९६९ पासून कल्याण निधीचा कायदा आहे, त्यांच्या सहकारी संस्था आहेत, माडीच्या दुकानांत मासे आणि उकडलेला कंद खायला कुटुंबे जातात. तरीही माझी अट कायम आहे. ज्या गावात परवाना द्यायचा तिथल्या ग्रामसभेत महिलांचे मत आधी घ्यावे आणि ते बंधनकारक असावे. त्या नाही म्हणाल्या तर नाही.

बाटलीत टिकत नाही, म्हणून उद्योग होणार नाही, असे एक शहाणपणाचे वाक्य अधूनमधून ऐकू येते. फ्रास्कातीचे उत्तर वर दिलेच आहे. ती टिकत नव्हती, म्हणून माणसे तिच्याकडे गेली. आंजर्ल्याला माणसे आणण्यासाठी वेगळे काही करावे लागणार नाही. गणपतीला येतात, फेब्रुवारी-मार्चमध्ये कासवांची पिल्ले समुद्रात जाताना बघायला येतात, सुवर्णदुर्ग बघायला हर्णैला येतात. त्यांना सकाळी सात वाजता वाडीत बसून थंड, गोड नीरा आणि जेवणाआधी ताजी माडी मिळाली, तर ते शहरातून बाटल्या कशाला आणतील? टिकवण्याचे तंत्रही आता आहे. कासरगोडच्या केंद्रीय लागवड पीक संशोधन संस्थेने बर्फाच्या पेटीत रस गोळा करायचे साधन बनवले आणि त्या न आंबलेल्या रसाला ‘कल्परसा’ नाव दिले. त्यातून गूळ होतो, साखर होते. गोव्यात माडाच्या सुरेचा सिरका घराघरात आहे आणि माडाची फेणीही गाळली जाते. काजूच्या फेणीला गोव्याने २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळवले. आपल्याकडे काजूची बोंडे झाडाखाली कुजत राहिली. २०२२ मध्ये महाराष्ट्राने काजूबोंडे आणि मोहाच्या फुलांच्या मद्याला बरा दर्जा देण्याचा निर्णय घेतला, तेव्हाही माडी होती तिथेच राहिली.

झाडावर चढायला माणूस नाही, ही अडचण मात्र खरी आहे, आणि तिचे कारण मुलांचा आळस नाही. ज्या धंद्यात पोलीस आधी येतो आणि गिऱ्हाईक नंतर, त्या धंद्यात बाप मुलाला घालत नाही. नारळ विकास मंडळ २०११ पासून माडावर चढायचे प्रशिक्षण आणि यंत्र देते. त्या प्रशिक्षणात छेव घेणे जोडले आणि त्या कामाला कायदेशीर मजुरी मिळाली, तर मुंबईत वॉचमनची नोकरी करणारी काही मुले तरी परत येतील. सगळी येणार नाहीत, हे मला माहीत आहे.

तेव्हा मागणी अशी. माडीला द्राक्षाच्या वाइनबरोबरीचा शेतमालाचा दर्जा द्या आणि शुल्कातली तीच सवलत द्या. परवाना दुकानाच्या लिलावाने देऊ नका, झाडाला द्या. प्रत्येक छेवलेल्या माडाला क्रमांक असावा आणि त्या क्रमांकाच्या माडाची माडी त्याच गावात, वाडीवर किंवा गावाने नेमलेल्या एका जागी विकली जावी. जितके माड तितकीच माडी, त्याहून एक लिटर जास्त आढळली तर परवाना रद्द. क्लोरलची तपासणी तालुक्याच्या ठिकाणी व्हावी, महिनोन्‌महिने अहवालाची वाट बघायला लागू नये. दापोलीला १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे, भाट्याला १९५५ पासून नारळ संशोधन केंद्र आहे. बाणवलीची, प्रताप जातीची, उंच आणि ठेंगू माडांच्या टी बाय डी संकराची, किनाऱ्यावरच्या आणि डोंगरउतारावरच्या माडाची माडी वेगवेगळी तपासून तिचे गुण लिहून काढण्याचे काम या दोघांना द्यावे. मग रत्नागिरीच्या माडीसाठी भौगोलिक मानांकनाचा अर्ज करता येईल, आणि तो अर्ज करणारी संस्था माडी काढणाऱ्यांची असावी, व्यापाऱ्यांची नव्हे.

आंजर्ल्याच्या वाडीवाल्यांना, भंडारवाड्यातल्या जाणत्यांना आणि बचत गटांच्या भगिनींना माझी विनंती आहे. येत्या ग्रामसभेत हा विषय मांडा, बाजूने किंवा विरोधात, पण उघडपणे बोला आणि ठराव लिहून घ्या. दापोली-मंडणगडच्या लोकप्रतिनिधींकडे तो ठराव गेला पाहिजे, कारण कायदा बदलायचा अधिकार विधानसभेला आहे, आणि तिथे आजवर फक्त द्राक्षाची बाजू मांडली गेली आहे.